खंडेनवमीचा वेग

आमच्या कारखान्यात खंडेनवमीला पूजा झाल्यावर प्रत्येक मशीन एकदा रिकामं चालवतात. ही पद्धत कुणी सुरू केली ते मला ठाऊक नाही. मी लागले तेव्हा होती, आणि मला ती आवडते. मशीन धुऊनपुसून लख्ख करायचं, पॅनेलला हळदकुंकू लावायचं, मार्केट यार्डातून सकाळी आणलेल्या झेंडूची माळ दरवाज्यावर घालायची, नारळ बाहेरच्या दगडावर फोडायचा आणि मग आत धातूचा ठोकळा न लावताच प्रोग्राम सुरू करून द्यायचा. कटर टेबलाच्या वर वीतभर हवेत फिरतो. कूलंटचं पाणी बंद ठेवतात, नाही तर माळ भिजते. ड्राय रनचं बटण दाबलेलं असतं, त्यामुळे प्रोग्राममध्ये वेग काहीही लिहिलेला असो, मशीन भरधाव धावतं. आम्ही सगळे हात जोडून उभे असतो. ते थांबलं की पेढा घ्यायचा आणि घरी जायचं.

गेल्या वर्षीच्या त्या रिकाम्या फेरीने एका माणसाची नोकरी टांगणीला लावली. हे शांतपणे लिहायचं असं मी ठरवलं होतं. पण शांतपणे लिहायला शांत माणूस लागतो, आणि आमच्या घरी विचाराल तर तसं माणूस घरात एकच आहे आणि ते मी नव्हे.

मी प्रोग्रामर आहे. बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीत अजूनही काही जणांचा समज आहे की मी आयटीत आहे, आणि आयटीतल्या बाईच्या ओढणीला तेलाचा वास का येतो हे विचारण्याइतके ते असभ्य नाहीत. सातारा रस्त्यालगतच्या जुन्या औद्योगिक वसाहतीत आमचा कारखाना आहे. सीएनसी मशीनवर स्टीलचे ठोकळे कापून पंपांचे भाग बनवतो. कटरने ठोकळ्यात कुठून शिरायचं, कसं वळायचं, किती खोल जायचं आणि किती वेगाने पुढे सरकायचं हे लिहून देणं माझं काम. त्या पुढे सरकण्याच्या वेगाला फीड म्हणतात. ते फार कमी ठेवलं तर कटर नुसता घासत राहतो आणि बोथट होतो, फार वाढवलं तर मोडतो. या दोहोंच्या मधली जागा शोधण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. घरचे म्हणतात, एवढा जीव आम्हाला लावला असता तर बरं झालं असतं. असेलही.

या धंद्यातली एक गोष्ट बाहेरच्या माणसाला पटत नाही, आणि आतल्या साहेब लोकांना तर त्याहून पटत नाही. प्रोग्राममध्ये फीड लिहिलं म्हणजे मशीन त्या वेगाने जातंच असं नाही. बुधवार पेठेतून स्कूटर काढून बघा. स्कूटर साठने पळू शकते म्हणून तुम्ही साठने जाता का? वेग घेता घेता पुढचं वळण येतं, ब्रेक दाबावा लागतो, वळून पुन्हा वेग घ्यायचा तोवर पुढचा बोळ हजर. मशीनचं तसंच असतं. त्याचं टेबल जड, अंगावर ठोकळा लादलेला. प्रत्येक कोपऱ्यापाशी त्याला मंदावावं लागतं. म्हणून अंतर भागिले वेग हा शाळेतला हिशेब करून कुणी मला ‘इतक्या वेळात काम व्हायला पाहिजे’ असं सांगितलं की माझं डोकं फिरतं.

ज्या मशीनची ही हकिगत आहे ते चालवणारा माणूस चंद्रपूरकडचा. कंत्राटदारामार्फत आलेला, पण आमच्याकडे बरीच वर्षं टिकलेला. आधी गाववाल्यांबरोबर एका खोलीत दाटीवाटीने राहायचा. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात त्याने बायकोला आणि मुलीला इकडे आणलं, कारखान्याजवळच्या अप्पर वस्तीत खोली घेतली, मुलीला पहिलीत घातलं. शाळेच्या पहिल्या दिवशीचा तिचा फोटो त्याने मला इतक्या वेळा दाखवला की तिच्या वेणीच्या रिबिनीचा रंगही मला पाठ झाला.

तो फार मोठा कारागीर होता असं मी म्हणणार नाही. हात चांगला होता, नजर चांगली होती, आणि डोक्यात एक वेड होतं. पॅनेलवर एक गोल खुंटी असते. प्रोग्राममधलं फीड त्या खुंटीने वाढवता किंवा कमी करता येतं. शंभरावर ठेवली की मी लिहिलेला वेग, नव्वदवर ठेवली की थोडा कमी. हा गृहस्थ ती कायम नव्वदवर ठेवायचा. मी विचारलं, का? तर म्हणे, “दोन घास कमी खाल्ले तं माणूस टिकते मॅडम, मशीनबी टिकते.”

“मशीन जेवत नाही,” मी म्हणाले.

“तेल तं पिते ना?”

मी खुंटी शंभरावर करायचे, तो मान डोलवायचा, आणि मी पाठ फिरवली की खुंटी पुन्हा नव्वदवर. आमचं हे भांडण वर्षानुवर्षं चाललं होतं आणि त्यात दोघांचाही वेळ चांगला जात होता.

त्याच्या शेजारच्या मशीनवर चाचा. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या पुण्यात, पेठेत. त्यांचं मराठी इतकं स्वच्छ आणि अदबशीर की त्यांच्यापुढे माझं मराठी रस्त्यावरचं वाटतं. ते मला बाई म्हणतात, सगळ्यांशी ‘आपण’ने बोलतात, आणि रागावले तर आणखी हळू बोलतात. मालक तर त्यांच्या हळू आवाजाला घाबरतात.

मालक तसे वाईट नाहीत. ते गिऱ्हाइकाला भितात, एवढाच त्यांचा दोष, पण तो पुरेसा आहे. गणपती उठले आणि मालकांनी एक सल्लागार आणला. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की मोठं गिऱ्हाईक हल्ली कारखान्यात टीव्ही आहे का ते बघतं. सल्लागार तरुण, हसतमुख, दिवसभर ‘मॅम, मॅम’ करणारा. त्याने एकेक करून मशीनांना छोटा डबा जोडायला घेतला आणि भिंतीवर भला मोठा टीव्ही लावला. मशीन चांगलं चाललं की चौकोन हिरवा, बरं चाललं की पिवळा, वाईट चाललं की लाल. चांगलं म्हणजे काय, ते डबा स्वतःच शिकणार होता. एक भाग बनवायला लागलेला सगळ्यात कमी वेळ तो ध्यानात ठेवणार आणि तोच आदर्श धरणार. पंधरा दिवस तो नुसता शिकेल, मग रंग दाखवायला लागेल, असं सल्लागाराने सांगितलं. ते पंधरा दिवस कुठले होते? नवरात्राचे. आणि त्यांत खंडेनवमी आली.

चाचांच्या आणि बाकीच्या मशीनांना तेव्हा डबा बसायचा होता. एकट्या चंद्रपूरवाल्याच्या मशीनला बसलेला होता.

दसऱ्यानंतर टीव्ही सुरू झाला आणि त्याच्या मशीनचा चौकोन लाल झाला. नुसता लालही नाही, भडक लाल. खाली आकडा, आदर्शाच्या निम्म्याहूनही कमी. दिवसभर त्याने मान वर करून करून तो बघितला. पाणी प्यायला न जाता काम केलं. ठोकळा उतरवायला आणि चढवायला धावत होता. लाल काही हटेना. चार दिवस असे गेले आणि तो माझ्या केबिनच्या दारात येऊन उभा राहिला.

“मॅडम, तो टीव्ही मले लाल काहून दाखवून राहिला? खुंटी तं मी शंभरावर केली.”

ज्या माणसाला मी इतकी वर्षं सांगून थकले, त्याने आपण होऊन खुंटी शंभरावर केली होती. मला त्याचा आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. तो घाबरला होता.

मी जाऊन त्या मशीनचा आदर्श वेळ बघितला आणि मला हसू आलं. इतक्या वेळात स्टीलचा तो भाग कापणं कुणाच्या बापाला शक्य नव्हतं. त्यात कटर बदलायला लागणारा वेळ होता आणि बाकीचा हवेत फिरण्याचा. ती पूजेची फेरी होती. मी स्वतः तिच्यासमोर हात जोडून उभी होते, पेढा खाल्ला होता. डब्याला बिचाऱ्याला काय कळणार? त्याने पाहिलं, मशीन सुरू झालं, कटर धरणारा स्पिंडल फिरला, प्रोग्राम संपला. झाला एक भाग तयार, विक्रमी वेळात. त्याला झेंडूची माळ दिसत नव्हती.

मला वाटलं, पाच मिनिटांचं काम आहे. सल्लागाराला सांगायचं, तो तेवढी एक नोंद काढून टाकेल, सगळे हसतील, चहा होईल. मी त्याला सांगितलं. तो हसला, पण वेगळं हसला.

“मॅम, डेटा खोटं बोलत नाही.”

“कबूल,” मी म्हणाले. “तो त्या दिवशी खोटं बोलत नव्हता. देवाला नमस्कार करत होता.”

“पण सिस्टिमने सायकल व्हॅलिड धरलीय. आणि मॅम, ऑपरेटरची ती ओव्हरराइडची खुंटी आधी कायम नव्वदवर होती, ते पण दिसतंय. म्हणजे स्लो चालवायची सवय आहे ना त्यांची?”

दहा टक्क्यांची खोड आणि निम्म्याहून जास्त फरक, यांचा हिशेब इंजिनियर म्हणवणाऱ्या माणसाला लागू नये? मी त्याला स्कूटर आणि बुधवार पेठ सांगून बघितलं. त्याने ते ऐकलं, म्हणजे मी बोलत असताना तो गप्प होता. मग खालच्या आवाजात म्हणाला, “मॅम, प्रॉब्लेम असा आहे की तो बेस्ट टाइम कस्टमरच्या प्रेझेंटेशनमध्ये गेलाय. सरांनीच दिला. आता आपण तो बदलला तर कसं दिसेल?”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तडक मालकांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांना पटलं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं, आणि राग मला त्याचाच जास्त आला. ज्याला कळत नाही त्याच्याशी भांडता येतं. ज्याला कळतं आणि जो कानावर हात ठेवतो त्याच्याशी काय भांडणार?

“मॅडम, तुम्ही म्हणता ते असेलही,” ते म्हणाले. “पण पुरावा काय?”

“पुरावा? तुम्ही माझ्या शेजारी उभे होतात साहेब. नारळ तुम्ही फोडलात.”

“अहो, ते झालं. पण गिऱ्हाइकाला सांगू का, की आम्ही नारळ फोडून वेळ मोजतो? हसं होईल आपलं.” टेबलावरचे कागद सारखे करत ते म्हणाले, “तुम्ही भावनेच्या भरात बोलताय. आकडा सुधारला पाहिजे. महिनाअखेरीला कंत्राटाचं नूतनीकरण आहे. तो माणूस लालच राहिला तर मी कंत्राटदाराला दुसरा पाठवायला सांगणार. माझा नाइलाज आहे.”

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हे. इथे चोर कोण तेही धड सांगता येत नव्हतं. डबा निर्दोष, देव निर्दोष, मालकांचा नाइलाज, सल्लागाराचं प्रेझेंटेशन. उरला कोण? अप्परला खोली घेतलेला एक माणूस. बाईमाणसाने आवाज चढवला की ती भावनेच्या भरात असते. पुरुषाने चढवला तर तो तत्त्वाचा प्रश्न असतो. हे मी बरीच वर्षं ऐकत आले आहे. त्या दिवशी मी पायऱ्या उतरताना स्वतःशीच इतकं मोठ्याने बोलत होते की वॉचमनने मला विचारलं, “काय हरवलं का?”

चंद्रपूरवाल्याला मी सांगितलं, तेव्हा त्याने हातातलं फडकं पॅनेलवर ठेवलं. मग म्हणाला, “मंग पोरीले शाळेतून काढा लागन का?”

“काही काढायचं नाही,” मी म्हणाले. “मी बघते.”

मी बघते म्हणाले, कारण मला एकच गोष्ट येते. त्यांना वेळ कमी करून हवा होता ना? पूजेइतका नाही, पण खराखुरा कमी करून देते, असं मी ठरवलं. एवढा कमी की टीव्हीनेही तोंडात बोट घालावं.

त्या भागाच्या आत एक वळणावळणाचा खोल खळगा होता. माझा जुना प्रोग्राम ते वळण हजारो बारक्या सरळ रेघा जोडून काढत होता, कारण आमचं जुनं सॉफ्टवेअर तसंच देत असे. प्रत्येक रेघेच्या टोकाला मशीन दचकायचं. मी त्या रेघांच्या जागी खरे कंस बसवले, बोळ काढून रस्ता गोल वळवावा तसे. मशीनला पुढचा मार्ग आधीच वाचून वेग सांभाळायची सोय होती. ती कंपनीने मशीनबरोबर दिली होती आणि कुणी सुरूच केली नव्हती. ती सुरू केली. आतल्या कोपऱ्यात कटर तिन्ही बाजूंनी धातूत रुततो आणि तिथेच मोडायला येतो, म्हणून तिथे त्याने घुसायचंच नाही, थोडं थोडं कापत फेर धरायचा, अशी वाट आखली. मग इतर ठिकाणी फीड वाढवायला जागा झाली. कटर प्रत्येक वेळी उगाच उंच उचलला जायचा, तो जेमतेम उचलायचा केला.

तो रोज माझ्याबरोबर उभा असे. नव्या वाटेची पहिली चाचणी घेताना त्याचा हात त्या खुंटीवर आणि डोळे कटरवर. काही बिनसलं तर लगेच शून्यावर आणायचं हे त्याचं काम. एकदा आवाज कर्कश झाला आणि त्याने खुंटी नव्वदवर नेली. मी त्याच्याकडे बघितलं. त्याने ती हळूच शंभरावर परत आणली आणि म्हणाला, “सवय हाय मॅडम.” आम्ही दोघं हसलो. चाचा शेजारून म्हणाले, “आपण दोघांनी मिळून त्या मशीनला अभ्यासाला बसवलंय.” ते दिवस चांगले होते, हे कबूल करायला पाहिजे. रागाने सुरू केलेलं काम हातात आलं की माणूस राग विसरतो. माझं तसं झालं. वळणावरून कटर न थांबता, न दचकता वाहत गेला तेव्हा मला झालेला आनंद मी घरी कुणाला समजावून सांगू शकले नाही.

महिनाअखेर यायच्या आत काम झालं. वेळ कितीतरी उतरला. सकाळपासून संध्याकाळपर्यंत पुरणारं काम दुपारच्या जेवणापर्यंत संपायला लागलं. भाग तपासले, सगळे मापात. पूजेच्या आकड्याला अर्थातच आम्ही शिवलो नव्हतो. ते देवालाच जमो. पण मालक खूश झाले, गिऱ्हाईक खूश झालं, आणि मग सल्लागाराने काय केलं? त्याने पूजेची ती नोंद काढून टाकली. दोन मिनिटांत. “आउटलायर होता मॅम, भलतीच नोंद,” म्हणाला. जो आकडा कुणाच्या नोकरीसाठी हलत नव्हता तो स्वतःच्या अहवालात हिरवा रंग दिसावा म्हणून हलला. उचलली जीभ लावली टाळ्याला.

चौकोन हिरवा झाला. शनिवारी सगळ्यांना जमवून मालकांनी माझा सत्कार केला, शाल आणि श्रीफळ. सल्लागाराने टाळ्या वाजवल्या. चंद्रपूरवाल्याने सगळ्यांत जास्त वाजवल्या. मी मालकांना सगळ्यांसमोर म्हणाले, याच्याशिवाय हे झालं नसतं, शाल त्याला द्या. मालक म्हणाले, “अर्थात, अर्थात,” आणि फोटो काढला.

सोमवारी तो आला नाही. मला वाटलं, मुलगी आजारी असेल. त्याच्या मशीनवर चाचा उभे होते. त्यांचं स्वतःचं मशीन बंद होतं.

“बाई, आपल्याला कुणी सांगितलं नाही?” ते म्हणाले. नेहमीपेक्षाही हळू बोलले. “सकाळी हे मशीन मी बघायचं आणि दुपारनंतर माझं, माझ्याकडे सध्या काम अर्ध्या दिवसाचंच आहे. एका माणसात दोन्ही होतात म्हणे आता.”

कंत्राटदाराने त्याला रविवारी फोनवर कळवलं होतं. नूतनीकरण झालं होतं, एक माणूस कमी करून.

मालकांच्या खोलीत मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. शाल मी टेबलावर ठेवली. म्हणाले, तुम्ही सांगितलं होतं लाल राहिला तर काढू. तो हिरवा झाला. मालकांना खरंच आश्चर्य वाटलं. ते मला दुखवायला बोलत नव्हते, समजावून सांगत होते.

“मॅडम, अहो, वेळ वाचवतात कशासाठी? माल तेवढाच लागतोय गिऱ्हाइकाला. वाचलेला वेळ ठेवू कुठे?”

इतकी वर्षं मी वेळ वाचवत आले. सेकंद सेकंद खरवडून काढला. तो कुठे जातो हे मी कधी विचारलं नव्हतं, आणि हा माणूस मला ते असं सांगत होता जसं काही ते सगळ्या जगाला माहीत आहे. असेलही माहीत. पण मग चाचणीच्या वेळी शेजारी उभं करून त्याच्याकडूनच ते करून घ्यायचं? ज्याला काढायचं त्याच्याच हातात खुंटी द्यायची? याला धंदा म्हणत असतील, मी याला दुसरं नाव देते आणि ते मी त्या खोलीत दिलंही.

त्या संध्याकाळी मी अप्परला गेले. खोलीत सामानाची बांधाबांध नव्हती, म्हणून जरा बरं वाटलं. त्याने दुसरीकडे शब्द टाकला होता, भोसरीकडे, पण एवढ्या लांबून येणंजाणं कसं करायचं ते ठरत नव्हतं. त्याच्या बायकोने चहा दिला. मुलगी कोपऱ्यात मान खाली घालून पाढे लिहीत होती. मी भडाभडा बोलत सुटले, मालकांना, सल्लागाराला, कंत्राटदाराला.

“मॅडम, तुम्ही तं चांगलंच केलं,” तो म्हणाला. “प्रोग्राम लय भारी झाला. तुमचा काय दोष हाय त्याच्यात?”

मला त्याचा राग आला. खरं सांगते, त्या क्षणी मला मालकांपेक्षा त्याचा जास्त राग आला. त्याने भांडायला हवं होतं, कंत्राटदाराची गचांडी धरायला हवी होती, निदान मला दोन शब्द सुनावायला हवे होते. तो माझीच समजूत घालत होता. मी चहा अर्धा ठेवून निघाले, ते त्याच्या बायकोला आवडलं नसणार.

पुढच्या आठवड्यात मालकांनी बोलावलं. झालं गेलं विसरा म्हणाले. चाचांच्या मशीनवरच्या मोठ्या भागाचा प्रोग्राम आता हाती घ्या, तिथेही अशीच सुधारणा निघेल. निघेल हे मला त्यांच्या आधीपासून माहीत होतं. तोही प्रोग्राम त्याच जुन्या रेघारेघांचा. मी तो घरी बसून तयारही केला होता, सवयीने, हात थांबत नाहीत म्हणून. चाचणी घ्यायला पेनड्राइव्ह घेऊन मी खाली गेले.

चाचांनी मला येताना पाहिलं आणि मशीन थांबवलं. फडक्याने हात पुसले, नीट, एकेक बोट. मग ते पॅनेलच्या आणि माझ्या मधे उभे राहिले.

“बाई, आपला प्रोग्राम उत्तमच असणार,” ते म्हणाले. “माझी त्याबद्दल काहीच शंका नाही. म्हणूनच विनंती आहे. हे आहे तसं चालू द्या.”

आणि त्यांनी हात जोडले. माझ्या वडिलांच्या वयाचा, कधी कुणापुढे न वाकलेला माणूस, मी माझं काम चांगलं करू नये म्हणून माझ्यापुढे हात जोडून उभा होता. मला त्यांचे हात धरून खाली करावेसे वाटले. मी पेनड्राइव्ह पर्समध्ये टाकला आणि जिना चढून वर गेले.

मालकांना सांगितलं, बघितला सगळा प्रोग्राम. त्यात आता काही कमी होण्यासारखं नाही. वेळ आहे तेवढा लागणारच. हे धादांत खोटं होतं. माझ्या कामाबद्दल मी बोललेलं पहिलं खोटं, आणि मला त्याची कणभरही लाज वाटत नाही.

मालकांनी मान डोलवली. “तुम्ही म्हणताय म्हणजे तसंच असणार,” ते म्हणाले. या वेळी त्यांनी पुरावा मागितला नाही.